आडवा वारा आणि शंभर सीसीची गाडी

साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघरकडे निघालं की बराच वेळ वारा आहे हेच कळत नाही. डोंगर आडोसा देत असतो. रस्ता वळणं घेत चढत राहतो. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसायला लागतात आणि एका वळणाला डोंगर अचानक संपतो. जुलै महिन्यात मी पहिल्यांदा स्प्लेंडर घेऊन त्या वळणावर पोचलो, तेव्हा कुणीतरी उजव्या खांद्याला धरून ढकलावं तशी गाडी हात-दीड हात डावीकडे सरकली. अशा वेळी सगळे जे करतात तेच मीही केलं. हँडल गच्च आवळलं, खांदे कानापर्यंत वर घेतले आणि दात-ओठ खात गाडी सरळ ठेवायला लागलो. गाडी आणखीच नाचायला लागली.

परतताना ठोसेघरला एका टपरीवर थांबलो. शेजारी माझ्याच मॉडेलची गाडी उभी होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली. मालक चहात बिस्कीट बुडवत बसला होता. रोज सकाळी याच रस्त्याने खाली दूध घालायचं आणि दुपारी वर यायचं, हा त्याचा धंदा. माझा थरथरणारा हात बघून तो म्हणाला, “हँडल आवळू नगा, सायेब. वारा आला की गाडीला त्येच्या अंगावर टेकू द्यायची. आन् टेकल्यावर त्यो कधी सरंल ह्येच्यावर ध्यान ठिवायचं.”

टेकण्याचं मला लगेच पटलं. वारा सरण्याचं कळायला मात्र दोन पावसाळे जावे लागले.

आधी हलक्या गाडीचंच असं का होतं ते बघू. गाडी आणि तिच्यावर बसलेला माणूस यांना बाजूने बघितलं, तर वाऱ्यासमोर साधारण एक चौरस मीटरचा पडदा उभा राहतो. या पडद्यावर पडणारा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ढोबळ हिशेब असा: उभ्या गाडीवर ताशी 20 किलोमीटरचा आडवा वारा दोनेक किलोचा रेटा देतो. वारा 40 चा झाला की रेटा साडेसात किलोच्या घरात जातो, जणू अर्धी बादली पाणी बाजूने ढकलतंय. 60 ला तो सतरा किलोच्या आसपास जातो. स्वयंपाकाच्या गॅसचं रिकामं सिलिंडरही याहून थोडं हलकंच असतं.

आता वजन बघा. स्प्लेंडर 112 किलोची आणि 350 सीसीची बुलेट 195 किलोच्या आसपास. वजनात एवढा फरक, पण बाजूने दिसणारा पडदा काही त्या मानाने दुप्पट नाही, कारण त्या पडद्यातला बराचसा भाग चालवणाराच असतो आणि तो दोन्ही गाड्यांवर तेवढाच. वारा ढकलतो तेवढंच, पण त्याला दाद न देणारं वजन हलक्या गाडीत कमी पडतं. स्कूटरला पुढचा पत्रा मोठा आणि चाकं लहान, त्यामुळे तिचं हँडल आणखी चटकन हलतं.

इतकं वाचून हलकी गाडी वाऱ्यात न्यायचीच नाही असं कुणाला वाटेल, म्हणून हिशेब एक पायरी पुढे नेतो. समजा 65 किलोचा माणूस स्प्लेंडरवर आहे आणि आडवा वारा दहा किलोच्या जोराने ढकलतोय. तोल सांभाळायला गाडी वाऱ्याच्या बाजूला किती झुकवावी लागेल? तीन अंशांच्या थोडी वर. बुलेटला दोनच्या थोडी वर. एरवी साध्या वळणावर आपण याच्या चौपट गाडी झुकवतो आणि तेव्हा मागे बसलेल्याशी गप्पाही मारतो. एकसारखा वाहणारा वारा, जोरदार असला तरी, अंगवळणी पडतो. गाडी जराशी तिरकी चालत राहते, बघणाऱ्याला गंमत वाटते, एवढंच.

माणसं पडतात ती वारा बदलतो तेव्हा. नव्हता आणि आला, किंवा होता आणि गेला. “त्यो कधी सरंल” याचा अर्थ हा होता. तुम्ही वाऱ्यावर टेकून चाललाय आणि वारा एकदम थांबला, तर ज्या भिंतीला टेकलात तीच कुणीतरी काढून घेतली असं होतं. गाडी वारा जिकडून येत होता त्या बाजूला, म्हणजे तुम्हाला अपेक्षित नसलेल्या बाजूला, जाते. नवख्याची सगळी तयारी वारा येण्याची असते, वारा जाण्याची नसते.

टेकायचं म्हणजे नेमकं काय करायचं

उजवीकडून वारा आला तर उजव्या मुठीला हलकेच पुढे, स्वतःपासून लांब, दाब द्यायचा. डावीकडून आला तर डाव्या मुठीला. हे ऐकायला उलटं वाटतं. उजवी मूठ पुढे ढकलली तर चाक डावीकडे वळेल, मग गाडी उजवीकडे कशी झुकेल? तळहातावर काठी उभी धरून बघा. काठीचा शेंडा उजवीकडे न्यायचा तर हात आधी डावीकडे सरकवावा लागतो. गाडीचंही तसंच असतं. चाकं क्षणभर खालून डावीकडे सरकतात आणि वरचा भार उजवीकडे झुकतो. इंग्रजीत याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात, आणि दुचाकी चालवणारा प्रत्येक माणूस ते करत असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. विमान उडवण्याआधी राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना तुम्ही वळता कसे म्हणून विचारलं आणि पूर्ण बरोबर उत्तर त्याला एकाकडूनही मिळालं नाही.

खात्री करायची असेल तर मोकळ्या, कोरड्या मैदानात तीस-पस्तीसच्या वेगाने सरळ जाताना उजव्या मुठीला नुसता बोटांचा दाब द्या. गाडी उजवीकडे जाईल. पाच-सहा वेळा केलं की हाताला कळतं आणि एकदा हाताला कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही. अंग वाकवून, ढुंगण सरकवून गाडी सावरायचा प्रयत्न वाऱ्यात उशिराच पोचतो, मुठीचा दाब लगेच लागू पडतो.

मग आवळू नका का म्हणायचं? कारण पुढचं चाक स्वतःसुद्धा तोल सावरत असतं. झोत आला की हँडल थोडं थरथरतं, इकडे-तिकडे होतं आणि बहुतेक वेळा आपलं आपण जागेवर येतं. तुम्ही ते गच्च धरलं तर दोन गोष्टी बिघडतात. चाकाला त्याचं काम करता येत नाही. शिवाय वारा तुमच्या छातीला आणि खांद्यांना जो धक्का देतो तो ताठ हातांतून थेट हँडलमध्ये उतरतो, म्हणजे वाऱ्याच्या वतीने तुम्हीच गाडी वळवता. म्हणून पकड गुडघ्यांची ठेवायची, टाकी दोन्ही गुडघ्यांत धरायची. कोपर वाकलेले, मुठी सैल, अंग थोडं पुढे आणि खाली. अंग खाली गेलं की पडदाही लहान होतो. स्कूटरला टाकी नसते, तिथे पाय फूटबोर्डवर घट्ट आणि बूड सीटवर दाबून, इतकंच हातात असतं.

वारा कुठे बदलणार हे आधी दिसतं

वारा दिसत नाही असं आपण म्हणतो. पण तो अडवणाऱ्या वस्तू दिसतात, आणि अडवणारी वस्तू संपली की तो येणार हे ठरलेलं. घाटात डोंगर एका बाजूला असेपर्यंत शांत, वळणावर दरी उघडली की झोत. दोन डोंगरांमधली खिंड तर वाऱ्याचं नरसाळंच. रुंद हवा अरुंद वाटेत घुसते आणि तिचा वेग वाढतो. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचं पाणी खाली पडण्याऐवजी वर उडतं, ते अशाच वर चढून येणाऱ्या वाऱ्यामुळे. लोक तो उलटा धबधबा बघायला जातात, फोटो काढतात, आणि जो वारा पाण्याला उचलतोय तोच थोड्या वेळाने आपल्या गाडीला लागणार आहे हे विसरतात.

पूल हा दुसरा नमुना. वाशीचा खाडीपूल असो की रत्नागिरीचा भाट्याचा, काठावरच्या इमारती किंवा झाडं संपली की समुद्राकडचा वारा थेट लागतो. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर, गोव्यात मांडवी आणि जुवारीच्या पुलांवर आणि कर्नाटकात शरावतीच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. तिथे अख्ख्या रेल्वेगाडीसाठी वारा मोजतात. आपल्या शंभर किलोच्या गाडीसाठी निदान पुलाच्या तोंडाशी वेग कमी करायला हरकत नसावी.

आणि ऊस. सातारा-सांगलीकडे राहणाऱ्यालाच हे कळेल. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस उभा असतो तेव्हा तो रस्ता बोळासारखा शांत असतो. कारखान्याचा हंगाम सुरू होतो, तोडणीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत दोन्ही बाजू भुंड्या होतात. रस्ता तोच, खड्डेही तेच, पण वळवाच्या दिवसांत तिथे आडवा वारा मोकळा फिरतो. मधे एखादा तुकडा तोडायचा राहिला असेल तर आणखी वाईट: वारा, शांतता, पुन्हा वारा, सगळं दोनशे मीटरच्या आत.

सगळ्यात अवघड अडसर म्हणजे चालता ट्रक, कारण तोही जागा बदलतो आणि तुम्हीही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. कोल्हापूरहून पुण्याकडे, म्हणजे उत्तरेला निघालात तर तो डाव्या हाताला असतो. तुम्ही डावीकडे थोडे झुकून चाललाय. उजवीकडून ट्रकला ओव्हरटेक करायला लागलात की ट्रक वारा अडवतो, तुमचा टेकू जातो आणि गाडी डावीकडे, थेट ट्रककडे ओढली जाते. घाबरून उजवीकडे सावरता तोवर ट्रकचं केबिन मागे पडतं. मग डावीकडून अख्खा वारा एकदम लागतो, शिवाय ट्रकने पुढे लोटलेली हवाही, आणि गाडी डिव्हायडरकडे फेकली जाते. हे सगळं तीन-चार सेकंदांत. पुण्याहून साताऱ्याकडे येताना वारा उजवीकडे. तेव्हा ओव्हरटेक करताना वारा तुम्हाला सतत ट्रकच्या अंगावर ढकलत असतो.

यावर माझा उपाय अगदी साधा आणि भित्रा आहे: वारा जोराचा असेल त्या दिवशी ट्रकला ओव्हरटेक करायचंच नाही. फार हळू चाललेली उसाची ट्रॉली असेल आणि पर्यायच नसेल, तर तिच्यापासून जितकं लांबून जाता येईल तितकं जायचं, ट्रॉलीच्या शेजारी येताक्षणी झुकाव सोडायचा आणि ट्रॅक्टरचं पुढचं चाक दिसलं की मुठीवरचा दाब परत तयार ठेवायचा. साध्या दोन पदरी रस्त्यावर समोरून एसटी आली तर पहिला धक्का बाहेर ढकलतो आणि ती गेल्यावर मागची हवा आत ओढते. तिथे फक्त गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला फार चिकटलेली नसावी, नाहीतर पहिल्याच धक्क्यात खडीत उतराल.

आपल्या पदरात कुठे चालायचं, हेही यातूनच ठरतं. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला थोडं सरकून चालायचं, म्हणजे ढकलले गेलात तरी पलीकडे जागा उरते. वारा डावीकडचा असेल तर डावीकडे, कारण ढकलला जाल तो समोरच्या वाहनाकडे.

वेग किती कमी करायचा

इथे दोन चुका होतात. पहिली, वेग कमीच न करणं. गाडी जोरात असली की स्थिर असते, हे अर्धसत्य. चालत्या गाडीला आपण पाहतो तो आडवा वारा एकटा लागत नाही, गाडीच्या वेगामुळे समोरून येणारी हवाही त्यात मिसळते. म्हणून तोच 40 चा आडवा वारा उभ्या गाडीला साडेसात किलोने ढकलत असेल, तर 50 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ढोबळमानाने बारा किलोने आणि 80 ने जाणाऱ्या गाडीला सतराच्या आसपास किलोने ढकलतो. शिवाय 80 च्या वेगाला एका सेकंदात 22 मीटर रस्ता संपतो, 50 ला 14. सावरायला मिळणारा वेळ त्या फरकात असतो.

दुसरी चूक, वेग फारच कमी करणं. पंधरा-वीसच्या वेगाला चाकांची स्वतःची स्थिरता जवळजवळ संपते आणि झोत आला की पाय टेकवावा लागतो. 100 ते 125 सीसीच्या गाडीला चाळीस ते पन्नास हा वेग मला बरा वाटतो. एक गिअर खाली ठेवायचा, म्हणजे गरज पडेल तेव्हा अॅक्सिलरेटर दिला की गाडी लगेच उचलते. झोतात पुढचा ब्रेक दाबायचा मोह होतो, तो टाळायचा. गाडी झुकलेली, रस्ता ओला, त्यात पुढचं चाक घसरलं तर वाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

समोरच्या वाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो दमवतो, पेट्रोल पितो, आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आणतो, पण ढकलत नाही. पाठचा वारा मात्र लबाड. हेल्मेटमधला आवाज बंद होतो, गाडी हलकी पळते, वेग वाढलेला कळत नाही, आणि पुढे वळण आलं की तोच वारा आडवा होतो.

कधी निघायचं नाही

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची एक मोजपट्टी बनवली. तिची गंमत अशी की यंत्र लागत नाही, आजूबाजूला बघून वारा ओळखता येतो. पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली की वारा ताशी 29 ते 38 किलोमीटर. मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शिट्टी घालतात, छत्री धरणं अवघड होतं, तेव्हा 39 ते 49. अख्खी झाडं हलायला लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालायला त्रास होतोय, म्हणजे 50 ते 61. त्याच्या वर बारीक फांद्या मोडून पडतात. माझा नियम: लहान झाडं डोलताना सावध, तारा शिट्टी घालायला लागल्या की फक्त गरजेपुरतं आणि ओळखीच्या रस्त्याने, अख्खी झाडं हलत असतील तर गाडी घरी. मोबाइलवर दिसणारा वाऱ्याचा आकडा सहसा सरासरीचा असतो. झोत त्याच्या बराच वर जातो, आणि गाडीला लागतो तो झोत.

वळवाचा वारा या सगळ्याच्या पलीकडचा, कारण तो चढत नाही, कोसळतो. ढगातून गार हवा खाली आदळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. पाऊस अजून दूर असतानाच तिचा पहिला लोट येतो. एप्रिल-मेच्या दुपारी क्षितिजावर धुळीची तांबूस भिंत दिसली, घामेजलेल्या अंगाला एकदम गार झुळूक लागली, की तुमच्याकडे फार थोडी मिनिटं असतात. ती थांबायची जागा शोधायला वापरायची. पक्क्या इमारतीचा आडोसा चांगला. झाडाखाली, विजेच्या तारांखाली, पत्र्याच्या शेडखाली नाही, आणि फलकाखाली तर मुळीच नाही. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला अशाच वादळात पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली.

सामान आणि कपडे

त्या दूधवाल्याने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. भरल्या किटल्या घेऊन उतरताना त्याला वाऱ्याचं काही वाटत नाही. रिकाम्या घेऊन वर चढताना वारा नाचवतो. किटलीचा आकार तोच, वाऱ्याला मिळणारा पडदा तोच, पण खाली धरून ठेवणारं दूध गेलेलं. कॅरिअरवरची रिकामी मोठी खोकी, मागची रिकामी डिकी, सगळ्याला हाच न्याय. न्यायचंच असेल तर जड सामान, आणि तेही खाली.

रेनकोटचा झगा मात्र नको. तो फुगतो, शिडासारखा ओढतो आणि कधी आरशात तर कधी मागच्या चाकात अडकतो. शर्ट-पँटचा रेनकोट घ्या, त्याची मनगटं आणि चेन बंद ठेवा. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली व्यक्ती असेल तर पदर, ओढणी कमरेला खोचायला सांगा. आणि वाऱ्याने गाडी झुकली की घाबरून उलट्या बाजूला कलू नका, हे निघण्याआधी सांगा, झोतात सांगितलेलं ऐकू जात नाही. हेल्मेटची काच खाली ठेवा. डोळ्यात धुळीचा एक कण गेला की आपण एका हाताने गाडी चालवतो, आणि तो हात नेमका चुकीच्या वेळी सुटतो.

राहिली उभी गाडी. पठारावर पोचल्यावर पवनचक्कीखाली फोटो काढायला सगळे रांगेत गाड्या लावतात. साइड स्टँड डाव्या बाजूला असतो, गाडी डावीकडे कललेली असते. वारा उजवीकडून येत असेल तर तो गाडीला स्टँडवरच दाबतो. डावीकडून आला तर तिला स्टँडवरून उचलून उजवीकडे आडवी करतो, आणि शेजारी गाडी असेल तर तिच्यासकट. चाळकेवाडीला एका रविवारी मी सात गाड्या अशा एकामागून एक लोळताना बघितल्यात. पहिली स्कूटी होती. त्यामुळे आता मी आधी उतरून तोंडावर वारा कुठून लागतोय ते बघतो, उजवी बाजू वाऱ्याला देतो, पहिला गिअर टाकून ठेवतो आणि रांगेपासून चार पावलं लांब लावतो.